स्वयंसाक्षांकित स्तुती

अमेरिकेत एम.एस. करायला निघालेल्या मुलाला तीन शिफारसपत्रं लागतात. कॉलेजच्या कट्ट्यावर त्यांना ‘एलओआर’ म्हणतात, आणि थर्ड इयर संपल्यापासून फायनल इयरच्या डिसेंबरपर्यंत ‘एलओआर झाले का?’ हा तिथला क्षेमकुशलाचा प्रश्न असतो. या पत्राचा रिवाज साधा आहे. पत्र सरांच्या लेटरहेडवर, सरांच्या नावाने आणि सरांच्या सहीने जातं, लिहितो विद्यार्थी. पुण्या-मुंबईपासून सांगली-नांदेडपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही गोष्ट इतकी उघड आहे की कुणाला गुपित म्हणून सांगायला जावं, तर ऐकणाराच पुढचं वाक्य पुरं करतो. सरांना ठाऊक असतं, मुलाला ठाऊक असतं, मुलाच्या मावशीलाही ठाऊक असतं, आणि पलीकडे अमेरिकेत दरवर्षी असली पत्रं गठ्ठ्याने वाचणाऱ्यांना ते ठाऊक नसेल असं समजणं हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. शिक्षणाचा ऱ्हास, नीतिमत्तेचा ऱ्हास, असे ठेवणीतले ऱ्हास ते बाहेर काढतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मुलाने स्वतःची शिफारस स्वतः लिहिण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते खाली दुसऱ्याची सही घेण्यात. तेव्हा पत्र राहू द्यावं आणि सही बदलावी.

आधी सध्याची पद्धत जवळून पाहू. मराठी मास्तर विद्यार्थ्याला केटी देईल, पण एलओआर नाकारणार नाही. तो फक्त म्हणतो, ‘ड्राफ्ट करून आण.’ इथून खरी साहित्यनिर्मिती सुरू होते. तीन पत्रं तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी दिसायला हवीत, म्हणून एक टाइम्स न्यू रोमनमध्ये, दुसरं कॅलिब्रीत, तिसरं जॉर्जियात. मॅथ्सचे सर मितभाषी, म्हणून त्यांचं पत्र पाऊण पानात आटोपतं. एचओडी सरांच्या पत्रात त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव पहिल्याच ओळीत येतो, कारण वर्गातही तो पहिल्याच ओळीत येतो. तिसरं पत्र इंटर्नशिपच्या कंपनीतल्या मॅनेजरचं. जिथे मुलाने दीड महिना एक्सेलच्या शीट भरल्या, तिथे त्याने कंपनीच्या विचारसरणीतच क्रांती केली असं त्या पत्रातून समजतं. मग ड्राफ्ट सरांपुढे जातो. सर उभ्या-उभ्या वाचतात, एक ‘द’ घालतात, एक ‘द’ काढतात, ‘व्हेरी गुड’ खोडून ‘एक्सलंट’ करतात आणि विचारतात, ‘यात लीडरशिप कुठाय? घाल. सगळे घालतात.’ लीडरशिप घातली जाते. त्यानंतर विद्यापीठाची लिंक सरांच्या मेलवर येते, ती स्पॅममध्ये सापडते, आणि सर प्रॅक्टिकलला निघालेले असल्यामुळे खुर्चीत मुलालाच बसवून जातात. ‘या विद्यार्थ्याला आपण किती चांगलं ओळखता?’ या प्रश्नापुढे विद्यार्थी ‘अतिशय चांगलं’ या चौकटीत टिचकी मारतो. त्या क्षणापुरतं ते शंभर टक्के खरं असतं.

या सगळ्यात सर्वांत रम्य भाग कायद्याचा आहे. १९७४ च्या एका कायद्याने अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थेने ठेवलेली स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला. मग सगळ्यांना भीती वाटली की विद्यार्थी पत्र वाचणार म्हटल्यावर शिक्षक मोकळेपणाने लिहिणार नाहीत. म्हणून अर्जातच विचारतात की शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? शहाणा अर्जदार ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या पत्रावर कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणजे आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून जे पत्र आपण स्वतः टाइप केलं, स्पेलचेक केलं आणि पीडीएफ करून सरांना पाठवलं, ते आयुष्यात कधीही वाचणार नाही अशी शपथ मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो.

आपल्या मास्तरांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, अशा दोन-तीन तुकड्या, शिवाय सबमिशन, नॅकच्या फायली आणि परीक्षेचे पेपर. त्यातून महाराष्ट्रात अकरावीपासून अभियांत्रिकीपर्यंत कोणत्याही प्रवेशासाठी शिक्षकाचं मत कुणी विचारलेलंच नसतं. सीईटीचा पर्सेंटाइल दशांशचिन्हानंतर सात आकडे मोजतो. सातव्या आकड्यापर्यंत कॉम्प्युटर जातो, तिथे मास्तरांना कोण विचारतो? माणसाबद्दल शब्दांत काही सांगायची आपल्या शिक्षणातली एकमेव अधिकृत जागा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यात ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ आणि ‘प्रगती’ या रकान्यात ‘समाधानकारक’. वर्गाची काच फोडणारा आणि काच फोडणाऱ्याचं नाव सांगणारा, दोघांचीही वर्तणूक चांगली. हेडमास्तरांनी आयुष्यभर दुसरा शब्द लिहिलेला नसतो आणि क्लार्कने तो लिहू दिला नसता. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाकडे अमेरिकेतलं विद्यापीठ एकाएकी दीड पान मागतं, आणि त्यात मुलाची जिज्ञासा, चिकाटी, सहकार्याची वृत्ती असं सगळं सोदाहरण हवं म्हणतं. ‘ड्राफ्ट करून आण’ हे त्यावरचं सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. ‘बाबा रे, मला तुझ्याबद्दल काही माहीत नाही’ हे त्यात सभ्यपणे सांगून टाकलेलं आहे.

तिकडे तरी सगळं आलबेल आहे का? हे पत्र मागायची चाल तिथे कशी पडली, ते पाहण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः परीक्षेवर मिळे. पुढे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली मुलं अभ्यास करून परीक्षा पास होऊ लागली. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलं आणि अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांना काळजी वाटू लागली. त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांवर उघड मर्यादा घालायचा घाट घातला. बोभाटा झाला आणि तो बेत बारगळला. मग १९२६ मध्ये दुसरी वाट निघाली. गुणांबरोबर ‘चारित्र्य’ पाहायचं ठरलं. चारित्र्य मोजायला फूटपट्टी नसते, ही त्याची मोठीच सोय. त्यासाठी शिफारसपत्रं, मुलाखती, अर्जावर फोटो असा सरंजाम आला. जेरोम काराबेल यांच्या २००५ मधल्या ‘द चोझन’ या पुस्तकात हा सगळा इतिहास आहे. थोडक्यात, हुशार मुलांना सभ्यपणे दारातच थांबवण्यासाठी ज्या कागदांचा उपयोग झाला, त्यांतला हा एक कागद. आज आपली हुशार मुलं त्याच दारातून आत शिरण्यासाठी तोच कागद स्वतः टाइप करतात. इतिहासाने उगवलेले सूड बहुधा रक्तरंजित असतात. हा वर्ड फाइलमध्ये आहे.

आजच्या अमेरिकी शाळांतही शिक्षकाला प्रत्येक मूल आतून-बाहेरून ठाऊक असतं असं समजायचं कारण नाही. शालेय समुपदेशकांची तिथली संघटना म्हणते की एका समुपदेशकामागे अडीचशे मुलं असावीत, आणि देशाची सरासरी त्याहून बरीच वर आहे. तिथेही पत्र मागायला आलेल्या मुलाला एक फॉर्म देतात. आपली बक्षिसं, छंद, अभिमान वाटावा असे प्रसंग त्याने त्यात लिहायचे, आणि त्यावरून शिक्षकाने पत्र रचायचं. आपल्याकडे मूल पूर्ण जेवण रांधतं, तिकडे भाजी चिरून देतं, एवढाच फरक. शिवाय पत्रासोबत चौकटी असतात: हा विद्यार्थी पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, की दहा टक्क्यांत? दहाच्या खाली टिचकी मारणं म्हणजे गळा दाबणं, हे सगळ्यांना कळतं. त्यामुळे साठांच्या वर्गातली चाळीस मुलं पहिल्या पाच टक्क्यांत बसतात. सही गणिताच्या सरांचीच असल्यामुळे या गणिताला कुणी हरकत घेत नाही.

स्तुती इतकी स्वस्त झाली की वाचणारा मजकूर सोडून मजकुरातल्या फटी वाचू लागतो. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत याचं एक मासलेवाईक उदाहरण दिलं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याची शिफारस करताना प्राध्यापक लिहितात की त्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित हजर असतो; पत्र संपलं. वाचणाऱ्याने समजायचं ते समजतो: तत्त्वज्ञानाच्या नावाने शंख. हेच पत्र आपल्या कॉलेजातून गेलं असतं, तर अर्थाचा अनर्थ झाला असता. जिथे पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी मेडिकल सर्टिफिकेटं गोळा होतात आणि डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर मावत नाही, तिथे ‘तासांना नियमित हजर’ ही एखाद्या शिक्षकाने मनापासून केलेली सर्वोच्च स्तुती आहे. तो बिचारा खरं लिहायला जाईल आणि मुलाचं वाटोळं होईल. तेव्हा सर खरं लिहीत नाहीत हे मुलाच्या हिताचंच आहे.

आता मुख्य मुद्दा. शिफारसपत्र नेमकं कुणाबद्दल माहिती देतं? १९८१ मध्ये काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शिफारसपत्रं ताडून पाहिली. एकाच अर्जदाराबद्दल दोन माणसांनी लिहिलेल्या पत्रांत जेवढं साम्य निघालं, त्याहून जास्त साम्य एकाच माणसाने दोन वेगळ्या अर्जदारांबद्दल लिहिलेल्या पत्रांत निघालं. म्हणजे पत्रावरून कळतो तो लिहिणारा. ज्याच्याबद्दल लिहिलं तो आपला निमित्तमात्र. २००३ मध्ये फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय विद्यालयात अध्यापकाच्या जागेसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रं तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत शंकेची पाल चुकचुकणारी वाक्यं जास्त होती. या सगळ्या अर्जदार निवड झालेल्या होत्या, हे विशेष. इथेही अर्जदारापेक्षा लिहिणाऱ्यांचंच अंतरंग बाहेर पडलं. मग आता तर्काने चाला. पत्रावरून जर लिहिणाराच कळत असेल आणि प्रवेशसमितीला जर विद्यार्थी कळून घ्यायचा असेल, तर पत्र विद्यार्थ्यानेच लिहिलेलं बरं! या कसोटीवर मराठी एलओआर हा जगातला सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज ठरतो. तीन पत्रं, तीन फॉन्ट आणि तिन्हींमधून दिसणारा मुलगा एकच. एकच व्याकरणाची चूक तिन्ही प्राध्यापक करतात, यावरून त्याच्या सुसंगतीची खात्री पटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. विद्यार्थ्याला खरोखर ओळखणारे गुरू असतात, त्यांच्या शब्दाचं काय? जरूर असतात. १९४८ मध्ये कार्नेगी इन्स्टिट्यूटच्या रिचर्ड डफिन यांनी जॉन नॅश या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी प्रिन्स्टनला पत्र लिहिलं. त्यात त्याचं वय, तो कधी पदवीधर होणार हे सांगितलं आणि हा गणितातला जीनियस आहे एवढं एक छोटं वाक्य लिहून सही केली. पुढे नॅश यांना नोबेल मिळालं. आपल्या जवळचंही एक उदाहरण आहे. कोलंबिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना एका विद्यार्थ्याबद्दल शिफारसपत्र पाठवलं. विद्यार्थी होता भीमराव आंबेडकर. पुढे १९२० मध्ये याच फॉक्सवेल यांनी स्कूलच्या सचिवांना कळवलं की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळवली आहे आणि त्यांना जिंकायला इथे आता काही शिल्लक नाही. ही पत्रं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ज्याला खरोखर सांगायचं असतं, त्याला दीड पान लागत नाही, लीडरशिप लागत नाही आणि चौकटीही लागत नाहीत. तो आपणहून कागद ओढतो आणि चार ओळी खरडतो. असे गुरू असतील त्यांना कोण अडवणार? माझा विरोध आहे तो असल्या पत्राची सक्ती करण्याला. सेलिग्मन यांनी आंबेडकरांना ओळखून लिहिलं, म्हणून आज प्रत्येक अर्जदाराने तीन-तीन सेलिग्मन पैदा करावेत, असं ठरलं आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतले सुमारे १ लाख ९७ हजार पदव्युत्तर शिक्षण घेत होते. प्रत्येकी तीन पत्रं धरली तरी ५ लाख ९० हजारांच्या आसपास होतात. एवढी गुरुभक्ती आपल्या देशात गुरुपौर्णिमेलाही निघत नाही.

दुसरा आक्षेप संस्काराचा. मुलांनी स्वतःच्या नावाने स्वतःची स्तुती करायची? समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगताना आपली स्तुती आपण करणाऱ्याला त्या यादीत पक्की जागा दिली आहे. मराठी घरात वाढलेला मुलगा बक्षीस मिळालं तरी ‘तसं काही विशेष नाही, स्पर्धक कमी होते’ असं सांगतो, आणि त्याची आई शेजारून ‘दुसरा आला होता’ अशी दुरुस्ती करते. अशा मुलाला स्वतःची तारीफ सहीनिशी जमेल का? माझं उत्तर असं की त्याला ती अवघड जाईल, हाच या सुधारणेचा मुख्य लाभ आहे. सरांच्या नावाआड उभं राहून तो बेधडक लिहितो की माझ्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत असा विद्यार्थी पाहिला नाही. मुलाचं स्वतःचं वय तेव्हा एकवीस असतं. स्वतःच्या नावाने लिहिताना हेच वाक्य त्याला लिहिता येणार नाही, निदान लिहिताना कान तरी लाल होतील. दुसऱ्याच्या सहीआड अतिशयोक्ती फुकट असते. स्वतःच्या सहीखाली तिची किंमत मोजावी लागते.

शिवाय हा प्रयोग नवा नाही. सरकारने तो करून पाहिला आहे. गुणपत्रिकेची झेरॉक्स खरी आहे हे सांगायला पूर्वी राजपत्रित अधिकारी लागे. मुलं बाहेर बाकड्यावर बसत, साहेब न वाचता सह्या ठोकत आणि हिरव्या शाईने सत्य सिद्ध होई. २०१३-१४ च्या सुमारास केंद्र सरकारने स्वयंसाक्षांकनाचा आग्रह धरला आणि पाठोपाठ महाराष्ट्रानेही तो स्वीकारला: आपल्या कागदावर आपण सही करा, मूळ प्रत वेळेवर दाखवा, आणि खोटं निघालं तर निस्तरा. राज्य बुडालं नाही. अनोळखी साहेबाच्या सहीने कागदाच्या खरेपणात काही भर पडत नव्हती, हे सरकारलासुद्धा कळलं! सरकारला कळलेली गोष्ट विद्यापीठांना कळायला हरकत नसावी. कॅलिफोर्निया विद्यापीठ पदवीच्या प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे शिफारसपत्रं मागतच नाही, आणि बर्कली अजून जागच्या जागी आहे. त्याहून जुना दाखला हवा तर आनंदीबाई जोशींचा घ्या. १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं. आपली तयारी कुठे कमी पडते आणि आपण कशासाठी आलो आहोत, हे दोन्ही त्यात होतं. स्वतःच्या उणिवा सांगणारं शिफारसपत्र त्यानंतर फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही, कारण त्यानंतर शिफारसपत्रं दुसऱ्यांच्या नावाने लिहिली जाऊ लागली. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

तिसरा आक्षेप संशोधकांचा, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नेथन कन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शिफारसपत्रांचा उपयोग थोडाच पण खराखुरा आहे असं दिसलं, विशेषतः कोण पदवी पूर्ण करणार याचा अंदाज बांधायला. मला हे पूर्ण मान्य आहे. दिवाळीच्या सुट्टीत एचओडी सरांच्या घरी जाणारा, सर गावाला गेलेत हे ऐकून परत फिरणारा, पुन्हा सोमवारी येणारा, लेटरहेड संपलं म्हणून क्लार्कच्या मागे लागणारा, क्लार्क रजेवर म्हणून शिपायाकडून किल्ली मिळवणारा आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री सरांना पासवर्ड आठवून देणारा मुलगा पदवी पूर्ण करणार नाही तर कोण करणार? त्याच्यापुढे पीएचडी म्हणजे किरकोळ बाब. पण ही चिकाटी मोजायची असेल, तर पत्र वाचायची गरजच काय? तीन सह्या मिळवल्या एवढं पाहिलं तरी पुरे.

आता तर पत्र कुणी लिहायचं हा प्रश्नही कृत्रिम बुद्धिमत्तेने निकालात काढला आहे. ड्राफ्ट मुलाने लिहायचा आणि सरांनी सही करायची, इथवर निदान दोन माणसं होती. आता ड्राफ्ट चॅटजीपीटी लिहितो, मुलगा सरांना पाठवतो, सर न वाचता अपलोड करतात, आणि पलीकडचं विद्यापीठही उद्या त्याचा सारांश यंत्राकडूनच काढून घेईल. माणसांच्या वाट्याला फक्त आभार मानायचे राहतील.

म्हणून सूचना अशी. अर्जदाराने आपलं पत्र आपल्या नावाने, एका पानात, स्वतःच्या सहीने द्यावं, आणि खोटं निघालं तर प्रवेश रद्द हे त्याला आधीच बजावावं. कुणा गुरूला आपणहून लिहावंसं वाटलं, तर त्याने खुशाल लिहावं. त्याला चार ओळींची मर्यादा घालावी. बाकी शिक्षकांसाठी पोर्टलवर मजकूर नको, तीनच चौकटी ठेवाव्यात: ‘ओळखतो’, ‘चेहऱ्याने ओळखतो’, ‘ओळखत नाही’. आपल्याकडचे प्राध्यापक या सुधारणेला कडाडून विरोध करतील, याची मला खात्री आहे. ‘पहिल्या पाच टक्क्यांत’ यावर डोळे मिटून टिचकी मारता येते. पण ‘चेहऱ्याने ओळखतो’ यावर टिचकी मारायची झाली, तर हजेरी घेताना निदान एकदा तरी मान वर करावी लागेल.